शंभर मण्यांची माळ

जपमाळेत १०८ मणी असतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. वारकऱ्याच्या हातातील तुळशीची माळ घ्या, संन्याशाची रुद्राक्षांची माळ घ्या, किंवा तिबेटातील लामाची माळ घ्या. मण्यांची संख्या बहुधा तीच. परंतु १८६५ साली तिबेटच्या वाटेने चाललेल्या एका प्रवाशाच्या हातात १०० मण्यांची माळ होती. चालताना तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असे आणि थोड्या थोड्या वेळाने अंगठ्याने एक मणी पुढे सरकवीत असे. पाहणाऱ्यांना वाटे, कोणी भाविक यात्रेकरू नामस्मरण करीत चालला आहे. त्याच्या माळेतील मणी मोजून पाहावेत, असे कोणाच्याही मनात आले नाही. आले असते, तर त्या यात्रेकरूचे शिर धडावर राहिले असते की नाही, याची शंकाच आहे. कारण तो देवाचे नाव घेत नव्हता, तो आपली पावले मोजीत होता. शंभर पावले झाली की एक मणी, असा त्याचा जप होता.

या प्रवाशाचे नाव पंडित नैनसिंग रावत.

नैनसिंगांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३० रोजी कुमाऊं प्रांतातील जोहार खोऱ्यात, मिलम या गावी झाला. हे गाव आज उत्तराखंड राज्याच्या पिठोरागड जिल्ह्यात येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ११,००० फूट उंचीवर, एका प्रचंड हिमनदीच्या पायथ्याशी ते वसलेले आहे. हिवाळ्यात तेथे राहणे अशक्य होई; म्हणून थंडी पडू लागली की सारे गाव गुरेढोरे घेऊन खालच्या खोऱ्यात उतरे आणि वसंत ऋतूत पुन्हा वर चढे. या लोकांचा परंपरागत धंदा तिबेटशी व्यापार करण्याचा. शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर छोट्या छोट्या पिशव्या लादून ते धान्य, गूळ व कापड घेऊन अवघड खिंडी ओलांडीत आणि तिकडून मीठ, लोकर व टाकणखार घेऊन परत येत. १९६२ नंतर हा व्यापार बंद पडला; परंतु नैनसिंगांच्या काळी तो त्या खोऱ्याचा प्राण होता. वडील अमरसिंग यांच्याबरोबर लहानपणीच नैनसिंग तिबेटच्या बाजारपेठांत हिंडले. त्यामुळे तिबेटी भाषा, तेथील रीतिरिवाज, बोलण्याचालण्याची पद्धत ही सारी त्यांच्या अंगवळणी पडली.

घरची सांपत्तिक स्थिती बेताचीच होती. १८५५ पासून दोन वर्षे त्यांनी श्लागिंटवाइट या जर्मन संशोधक बंधूंच्या पथकात नोकरी केली. मानसरोवर, लडाख वगैरे प्रदेशांत त्यांच्याबरोबर हिंडताना उंची कशी मोजतात, नकाशे कसे काढतात, याची तोंडओळख त्यांना झाली. त्या तीन भावांपैकी अ‍ॅडॉल्फ याचा १८५७ साली काश्गर येथे शिरच्छेद झाला. अनोळखी मुलुखात मोजमापे घेत फिरणे किती धोक्याचे आहे, हे नैनसिंगांना तेव्हाच कळून चुकले असेल. त्यानंतर ते मिलमच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापक झाले. पुढे त्यांच्या नावामागे कायमची चिकटलेली पंडित ही पदवी या शिक्षकपणाची. त्यांच्या बरोबरीने व मागून जे अनेक भारतीय मोजणीदार असेच गुप्तपणे हिंडले, त्या सर्वांनाच पुढे इंग्रज पंडित म्हणू लागले. म्हणजे एका शाळामास्तराच्या नावाने एक सबंध पंथ ओळखला गेला. माझे सारे आयुष्य शाळेतच गेले असल्यामुळे या गोष्टीचा मला थोडा अभिमान वाटतो, हे लपवीत नाही.

आता नैनसिंगांना तिबेटात जाण्याचे कारण काय पडले, ते पाहू.

भारताच्या भूमीची शास्त्रशुद्ध मोजणी १८०२ साली मद्रासजवळ सुरू झाली होती. या मोजणीचा आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्टन हा काम करता करताच १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याच्या मागून आलेल्यांनी ते काम उत्तरेकडे नेत नेत हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचविले. दुरून कोन मोजून हिमालयाची शिखरेही मोजली. परंतु शिखरांच्या पलीकडे नकाशा कोरा होता. तिबेटचे राज्यकर्ते युरोपीय माणसाला सरहद्दीच्या आत पाऊल टाकू देत नसत. ल्हासा ही तिबेटची राजधानी. परंतु ती नेमकी कोठे आहे, किती उंचीवर आहे, हे कोणाला खात्रीने सांगता येत नव्हते. तिबेटात त्सांगपो नावाची मोठी नदी वाहते, हे माहीत होते. पण तीच आसामातील ब्रह्मपुत्रा काय, याविषयी वाद चालू होता. मोजणीसाठी वापरले जाणारे मोठे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे असे. ते घेऊन चोरून शिरणे तर दूरच राहिले, त्याची पेटी उचलायलाच डझनभर माणसे लागत!

मोजणी खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी याने यावर तोड काढली. गोऱ्या माणसाला जाता येत नसेल, तर ज्यांना तिबेटात जाण्यायेण्याचा अधिकार परंपरेने आहे अशा भारतीयांनाच मोजणीचे शिक्षण द्यावे, आणि यंत्रे इतकी लहान करावी की ती यात्रेकरूच्या बोचक्यात मावतील. या कामासाठी १८६३ साली नैनसिंग व त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग यांची निवड झाली आणि दोघे देहरादूनला दाखल झाले.

तेथे दोन वर्षे त्यांचे शिक्षण चालले. पहिला धडा चालण्याचा! तिशी ओलांडलेल्या, जन्मभर डोंगर चढलेल्या माणसाला कोणी चालायला शिकवावे, हे तुम्हांला चमत्कारिक वाटेल. परंतु आपण चालतो तेव्हा आपली पावले सारखी पडत नाहीत. चढावर ती आखूड होतात, उतारावर लांबतात. थकलो की मंदावतात, पाऊस आला की घाईने पडतात. नैनसिंगांना चढ असो, उतार असो वा सपाटी असो, प्रत्येक पाऊल एकाच लांबीचे टाकण्याची सवय करावी लागली. दोन हजार पावलांचा एक मैल, हे प्रमाण ठरले. शंभर पावलांना एक मणी याप्रमाणे वीस मणी सरले की एक मैल झाला, आणि माळ एकदा पुरी फिरली की पाच मैल झाले. प्रत्येक दहावा मणी थोडा मोठा ठेवला होता, म्हणजे अंधारातही बोटांना हिशेब कळावा. १०८ ऐवजी १०० मणी का, हे आता तुमच्या ध्यानी आले असेल. तुम्ही शाळेच्या मैदानावर हा प्रयोग अवश्य करून पाहा. हजार पावले न चुकता मोजणे, आणि तेवढ्यात कोणी हाक मारली तर ओ देऊनही आकडा न विसरणे, हे किती कठीण आहे ते कळेल.

नुसत्या अंतराने नकाशा होत नाही, दिशाही लागते. तीसाठी लहान होकायंत्र होते. वळण आले की दिशा पाहावयाची आणि लिहून ठेवावयाची. परंतु लिहावयाचे कोठे? तिबेटात यात्रेकरूच्या हाती एक प्रार्थनाचक्र असते. मुठीत धरून फिरवावयाचे हे तांब्याचे वा लाकडाचे लहानसे नळकांडे. त्याच्या पोटात मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते. नैनसिंगांच्या चक्रात मंत्र नव्हते, कोरे कागद होते. पावलांचे आकडे, दिशा, गावांची नावे ही सारी त्यांवर उतरत. जवळ कोणी नको असलेला माणूस येऊ लागला की ते चक्र फिरवू लागत. प्रार्थनेत गढलेल्या माणसाशी बोलणे तिकडे अशिष्ट समजत. नाक्यावरचे शिपाईही अशी पवित्र वस्तू उघडून पाहत नसत.

उंची मोजण्याची युक्ती तर स्वयंपाकघरातलीच आहे. समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळू लागते. सरासरीने दर हजार फुटांना सुमारे एक अंशाचा फरक पडतो. उंच डोंगरावर डाळ शिजता शिजत नाही, ती यामुळेच. तेव्हा वाटेत चहाचे आधण ठेवावयाचे आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यात तापमापक बुडवावयाचा. हा तापमापक यात्रेकरूच्या पोकळ काठीत लपविलेला असे.

सर्वांत अवघड काम आकाशातले. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितकाच त्या ठिकाणचा अक्षांश असतो. मुंबईस तो सुमारे १९ अंशांवर दिसतो. उत्तरेस जावे तसा वर चढतो. इतर ताऱ्यांवरून व सूर्यावरूनही हे गणित करता येते. कोन मोजण्याचे सेक्स्टंट नावाचे यंत्र नैनसिंगांच्या पेटीत खोट्या तळाखाली दडविले होते. परंतु डोंगराळ मुलुखात क्षितिज दिसावे कसे? त्यासाठी पारा हवा. थाळीत ओतलेला पारा अगदी समपातळीत स्थिर होतो आणि आरशासारखा चमकतो. आकाशातील तारा व पाऱ्यातील त्याचे प्रतिबिंब यांमधील कोन मोजून त्याची निमपट केली की ताऱ्याची उंची मिळते. हा पारा कवड्यांत भरून, त्यांची तोंडे मेणाने बंद करून नेला होता, आणि तो ओतण्यासाठी यात्रेकरूजवळ असतोच असा साधा वाडगा होता.

अशा तयारीने दोघे भाऊ जानेवारी १८६५ मध्ये निघाले. कुमाऊंतून सरळ जाण्याचा बेत फसला, म्हणून ते नेपाळात काठमांडूला गेले. तेथून ते व्यापाऱ्यांच्या वेषात तिबेटच्या सरहद्दीवरील केरुंग येथे पोहोचले. नाक्यावरील अधिकाऱ्यांना त्यांचा संशय आला. सामानाची झडती झाली. सुदैवाने चोरकप्पे सापडले नाहीत. पण पुढे जाण्याची परवानगी मिळाली नाही. मणिसिंगांची प्रकृतीही बिघडली होती. ते पश्चिम नेपाळच्या वाटेने परत गेले. नैनसिंगांनी मात्र वेष पालटला. लडाखी व्यापाऱ्याचा पोशाख चढविला, पाठीवर वेणी सोडली आणि पुन्हा त्याच सरहद्दीवर ते हजर झाले. या खेपेस त्यांना आत सोडले, पण एका अटीवर. आपण ल्हासाला जाणार नाही, गेल्यास प्राणास मुकू, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. नैनसिंगांनी ते लिहून दिले आणि ल्हासाचा रस्ता धरला.

पुढच्या वाटेत ते लडाखच्या एका व्यापारी तांड्याबरोबर झाले. तांड्यात गप्पा मारीत, थट्टामस्करी करीत चालणाऱ्यांच्या मध्ये हा एक माणूस माळ ओढीत चाले. शिगात्से येथे तांडा बरेच दिवस थांबला. तेथील ताशिल्हुन्पो मठात पंचेन लामाच्या दर्शनास जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा नैनसिंगांच्या पोटात भीतीचा गोळा उठला. लामाला समोरच्या माणसाच्या अंतःकरणातील सारे काही दिसते, अशी तिबेटात श्रद्धा होती, आणि नैनसिंगही त्याच मुलुखाच्या हवेत वाढलेले होते. पाहतात तो गादीवर एक अकरा वर्षांचा मुलगा बसलेला! त्याने रिवाजाप्रमाणे तीन प्रश्न विचारले: तुमचा राजा खुशाल आहे ना, देशात आबादानी आहे ना, तुमची प्रकृती ठीक आहे ना. गळ्यात रेशमी पट्टी पडली, चहा मिळाला, आणि नैनसिंग सुखरूप बाहेर आले.

१० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासाला पोहोचले. तेथे ते तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले. दिवसा शहर पाहावे, बाजारात कोणता माल कोठून येतो याची विचारपूस करावी, आणि रात्री बिऱ्हाडातून गुपचूप ताऱ्यांचे वेध घ्यावेत, असा क्रम होता. जवळचे पैसे संपत आले, तेव्हा व्यापाऱ्यांना हिंदुस्थानी पद्धतीचा हिशेब शिकवून त्यांनी पोट भरले. शाळामास्तरकी तेथेही उपयोगी पडली ती अशी. परंतु लवकरच दोन गोष्टी घडल्या. दोन काश्मिरी व्यापाऱ्यांनी त्यांचे सोंग ओळखले. त्यांनी मनात आणले असते तर बक्षीस मिळविले असते. पण त्यांनी वाच्यता केली नाही, उलट नैनसिंगांचे घड्याळ गहाण ठेवून घेऊन त्यांना पैसे दिले. आणि एके दिवशी भर रस्त्यात, परवानगीवाचून ल्हासात आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद नैनसिंगांनी डोळ्यांनी पाहिला. केरुंगला लिहून दिलेला कागद त्यांना त्या क्षणी आठवला नसेल, असे कसे म्हणावे? त्यांनी बिऱ्हाड बदलले व बाहेर पडणे कमी केले. मात्र ताऱ्यांचे वेध घेणे त्यांनी सोडले नाही.

एप्रिलमध्ये तांडा परत निघाला, तेव्हा ते त्याच्याबरोबर निघाले. त्सांगपो नदीच्या काठाने पश्चिमेकडे मानसरोवरापर्यंत, आणि तेथून हिमालय ओलांडून ऑक्टोबर १८६६ मध्ये ते परत आले. सुमारे १,२०० मैलांची वाट त्यांनी मोजली होती. दोन हजार पावलांचा मैल, म्हणजे चोवीस-पंचवीस लाख पावले झाली! ३१ ठिकाणचे अक्षांश व ३३ ठिकाणच्या उंच्या त्यांच्या नोंदीत होत्या.

देहरादूनच्या कचेरीत त्या नोंदींवरून नकाशा काढण्यास बसलेल्यांपुढे एक पेच होता. अक्षांश ताऱ्यांवरून मिळतो. परंतु पूर्व-पश्चिम स्थान, म्हणजे रेखांश, ताऱ्यांवरून काढावयाचा तर अत्यंत अचूक घड्याळ लागते. ते नैनसिंगांजवळ नव्हते. आणि मानसरोवरापासून ल्हासापर्यंतचा रस्ता तर जवळजवळ सगळा पूर्व-पश्चिम! म्हणजे या नकाशाची लांबी सर्वस्वी एका माणसाच्या पावलांवर अवलंबून होती. मध्येच कोठे त्याने कंटाळून दोनचार मणी अंदाजाने सरकविले असते, तर ती चूक पुढच्या प्रत्येक गावाला चिकटली असती, आणि ती कोणाला कधी उमगलीही नसती. कारण त्या वाटेवर त्याच्या हिशेबाला साक्षीदार कोणीच नव्हता. म्हणून मला या माणसाच्या धाडसापेक्षाही त्याच्या सचोटीचे नवल अधिक वाटते. त्याचे नाव खोटे, वेणी खोटी, धंदा खोटा, लिहून दिलेले वचनही खोटे. खरे होते ते फक्त आकडे. ल्हासाचा अक्षांश त्यांच्या वेधांवरून २९ अंश ३९ मिनिटे निघाला. आजचे नकाशेही तोच सांगतात.

स्थान आणि नोंद यांची ही जोडी आजही सुटलेली नाही. जमिनीच्या पोटातील खनिजे, पाणी किंवा तेल शोधणारे भूभौतिकशास्त्रज्ञ पृथ्वीचे चुंबकत्व वा गुरुत्वाकर्षण मोजीत रानोमाळ हिंडतात. एखाद्या ठिकाणी उपकरणाचा काटा जरा जास्त हलला, तर खाली काही दडले असल्याचा तो इशारा असू शकतो. परंतु काटा नेमका कोठे हलला, हे सांगता आले नाही, तर त्या इशाऱ्याचा काय उपयोग? पुन्हा जाऊन खणावयाचे कोठे? आता हे काम यंत्रे करतात. सर्वेक्षकाच्या पाठीवरील उपकरण निदान चार कृत्रिम उपग्रहांचे संदेश पकडते, ते येण्यास लागलेल्या वेळांवरून आपले स्थान काढते, आणि स्थान, वेळ व मोजलेले मूल्य ही तिन्ही दर सेकंदाला आपोआप लिहून ठेवते. चालणाऱ्याने नुसते चालावे. नैनसिंगांच्या वेळी चालणारा, मोजणारा, लिहिणारा आणि लिहिलेले जपणारा, सारे एकच होते. माळ, चक्र, काठी आणि कवड्या मिळून जे यंत्र झाले होते, ते चालविणारी शक्ती त्यांचे मन होते. आणि त्या मनाला भूक, थंडी व भीती ही लागतच होती.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजांना तिबेटचा नकाशा हवा होता तो केवळ ज्ञानासाठी नव्हे. उत्तरेकडून रशियाचे साम्राज्य पसरत होते, त्याची त्यांना धास्ती होती. आणि नकाशा ज्याच्या हाती, त्याला त्या देशात शिरणे सोपे. तिबेटी लोकांनी परक्यांना दारे बंद केली होती, ती उगीच नव्हेत. १९०४ साली इंग्रजांचे सैन्य खरोखरच ल्हासात जाऊन थडकले. नैनसिंगांच्या थोरवीचे वर्णन करताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. ते इंग्रजांचे नोकर होते, आणि ज्या लोकांत ते लहानपणापासून मिसळले होते, त्यांनाच त्यांनी फसविले, हे खरे आहे. त्यांनी जोडलेले भूगोलाचे ज्ञान सर्व जगाच्या उपयोगी पडले, हेही तितकेच खरे आहे.

१८६७ साली नैनसिंग पुन्हा तिबेटात गेले, आणि सुमारे १६,००० फूट उंचीवरील ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणी पाहून आले. तेथील खाणकामगार बोचऱ्या वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून जमिनीत खड्डे खणून त्यांत तंबू ठोकून राहत. १८७१ साली त्यांचे 'अक्षांश दर्पण' हे हिंदी पुस्तक प्रसिद्ध झाले. मोजणीची विद्या आपल्या लोकांना आपल्या भाषेत शिकता यावी, म्हणून लिहिलेले हे पुस्तक.

त्यांचा शेवटचा मोठा प्रवास १८७४ सालचा. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीसच्या घरात होते. सततच्या श्रमांनी शरीर थकले होते आणि दृष्टीही अधू होऊ लागली होती. १५ जुलैला त्यांनी लेह सोडले. सामान वाहण्यास २६ मेंढ्या होत्या. या खेपेस त्यांनी तिबेटच्या उत्तरेकडील उजाड पठाराची वाट धरली, जेथे दिवसेंदिवस माणूस दृष्टीस पडत नसे. मेंढ्यांना वाटेवर जे गवत मिळेल तेवढाच चारा; ल्हासापर्यंत टिकल्या त्या अवघ्या चार-पाच. १८ नोव्हेंबरला ते ल्हासात शिरले, आणि शिरताच लेहमधील एक ओळखीचा व्यापारी समोर आला. धोका ओळखून त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. तोपर्यंतच्या सगळ्या नोंदी त्यांनी बरोबरच्या दोन विश्वासू माणसांजवळ देऊन त्यांना लेहला परत धाडले. आपण पकडलो गेलो, मारलो गेलो, तरी चार महिन्यांचे आकडे वाचावेत, एवढाच त्यात हेतू. नंतर दोन दिवसांतच ते स्वतः ल्हासातून निसटले. आपण उत्तरेकडे यात्रेस जात आहोत असे भासवून ते दक्षिणेकडे वळले. तवांग येथे त्यांना काही आठवडे अडकवून ठेवण्यात आले. तरीही १ मार्च १८७५ रोजी ते आसामातील उदलगुरी येथे उतरले. नोंदी घेऊन गेलेली माणसेही लेहला सुखरूप पोहोचली होती.

आजवर नैनसिंगांचे नाव बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. मोजणी खात्याच्या अहवालांत त्यांचा उल्लेख नुसता पंडित एवढाच होई. नाव फुटले असते तर पुढचा प्रवास अशक्य झाला असता. आता प्रवास संपले होते, तेव्हा नाव प्रकट झाले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्यांना सुवर्णपदक दिले. पॅरिसच्या भूगोल संस्थेनेही त्यांचा गौरव केला. सरकारने जहागीर दिली. २००४ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

उतारवयात नैनसिंगांनी नव्या मोजणीदारांना ही विद्या शिकविली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी त्यांचाच एक चुलतभाऊ किसनसिंग हा १८७८ मध्ये तिबेटमार्गे मंगोलियाच्या दिशेने निघाला, तो चार वर्षांनी परतला. वाटेत लुटारूंनी त्याला नागवले. परत येताना ज्याच्या आश्रयाने तो चालला होता, त्याने दरोडेखोरांच्या भयाने सर्वांना घोड्यावर बसून भरभर जाण्याचा हुकूम केला. पायी चालण्याची सोय राहिली नाही. आता पावले मोजावीत कशी? किसनसिंग मुकाट्याने घोड्यावर बसला, मान खाली घातली, आणि घोड्याचा उजवा पुढचा पाय किती वेळा जमिनीवर पडतो, ते मोजू लागला.